जामीन मिळाला, तरी पोरगा आतच होता : जनहिताच्या संस्थेतली इंटर्नशिप आपल्या मुलांनी का करावी?

मे महिना आला की आमच्या घरी जुन्या विद्यार्थ्यांची ये-जा वाढते. कुणी बीए करतंय, कुणी बीकॉम, कुणी लॉ, एखादी मुलगी बीएसडब्ल्यू. प्रश्न बहुतेकांचा एकच असतो. "सर, कॉलेजने इंटर्नशिप करायला सांगितलीय. कुठे करू?" तुझा काय विचार आहे, असं विचारलं की उत्तरही ठरलेलं. ओळखीच्या सीएच्या ऑफिसात, नाहीतर मामूच्या दुकानात. सही-शिक्का मिळाला की झालं.

या प्रश्नाचं आणखी एक उत्तर आहे. लोकांच्या हक्कांसाठी, जनहितासाठी काम करणाऱ्या संस्थेत इंटर्नशिप करणं. आपल्या समाजात याबद्दल माहिती कमी आहे आणि भीती जास्त. ती भीती आमच्याही मनात होती. त्यापायी आम्ही एका मुलीला चुकीचा सल्ला दिला. आधी तेच सांगतो, मग बाकीची माहिती.

आम्ही दिलेला सल्ला

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. आमची एक विद्यार्थिनी पाच वर्षांच्या लॉ कोर्सच्या दुसऱ्या वर्षाला होती. अब्बा रिक्षा चालवतात, अम्मी घरी शिवणकाम करतात. घराण्यात कॉलेजात गेलेली ही पहिलीच. तिला जिल्ह्याच्या शहरातल्या एका संस्थेत महिनाभर काम करायचं होतं. ती संस्था जेलमधल्या कच्च्या कैद्यांना, म्हणजे ज्यांचा खटला अजून संपलेला नाही अशांना, वकील आणि जामीन मिळवून द्यायला मदत करते. "जेल" हा शब्द ऐकला आणि घरात गोंधळ झाला. अब्बा तिला घेऊन आमच्याकडे आले. म्हणाले, "सर, आपही समझाओ इसको. अपनी बेटी जेल के दरवाजे पर खडी रहेगी, तो लोग क्या बोलेंगे?"

आम्ही अब्बांची बाजू घेतली. दिवस बरे नाहीत, असल्या लफड्यात पडू नकोस, आधी डिग्री पूर्ण कर, असं तिला सांगितलं. ती काही बोलली नाही. एका वकिलाच्या ऑफिसात बसून तिने महिनाभर टायपिंग केलं आणि सर्टिफिकेट आणलं.

गेल्या वर्षी तिच्याच गल्लीतला वीस वर्षांचा एक मुलगा मारामारीच्या केसमध्ये आत गेला. त्याला वडील नाहीत. आई चार घरी भांडी घासते. कोर्टाने त्याला जामीन दिला, पण जामीनदार आणा अशी अट घातली. आईला वाटलं, जामीन नाकारला. कुणीतरी तिला जामीनदार उभा करून देतो म्हणून पैसे मागितले. तिच्याकडे ते नव्हते. जामिनाचा हुकूम झाल्यानंतरही तो मुलगा सव्वादोन महिने आत राहिला. मोहल्ल्यात पदवीधर होते, शिक्षक होते, आम्हीही होतो. तो कागद वाचावा असं आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही.

शेवटी आमच्या त्याच विद्यार्थिनीने ऑर्डर वाचली आणि विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसात धाव घेतली. तिथल्या वकिलाने अर्ज केला, अट हलकी झाली आणि मुलगा बाहेर आला. नंतर ती आमच्याकडे आली तेव्हा तिच्या बोलण्यात राग नव्हता. म्हणाली, "सर, तेव्हा त्या संस्थेत गेले असते, तर हे मला पहिल्या आठवड्यातच समजलं असतं."

तिचं म्हणणं खरं आहे. ३१ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नेमक्या याच अडचणीवर निर्देश दिले आहेत. जामिनाचा हुकूम झाला की त्याची प्रत ईमेलने जेलकडे गेली पाहिजे. सात दिवसांत कैदी सुटला नाही, तर जेल अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवाला कळवायचं आहे. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही, तर अट बदलायची का, याचा विचार कोर्ट स्वतःहून करू शकतं. त्याच वर्षी केंद्र सरकारने गरीब कैद्यांसाठी योजना आणली. तिच्यात तेव्हा कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४० हजार रुपयांपर्यंत मदतीची तरतूद होती. म्हणजे नियम होता, पैशाची सोयही होती. ते त्या आईपर्यंत पोचवणारा माणूस मोहल्ल्यात नव्हता. असा माणूस तयार होण्याची एक जागा म्हणजे ही इंटर्नशिप.

ही इंटर्नशिप म्हणजे नक्की काय?

इंटर्नशिप म्हणजे शिकता शिकता ठरावीक मुदतीसाठी प्रत्यक्ष काम करणं. एरवी ती कंपनीत, बँकेत, दवाखान्यात होते. जनहिताच्या संस्थेत तुम्ही लोकांच्या अडचणींवर काम करता. रेशन मिळत नाही, शाळेत प्रवेश नाकारला, मजुरी बुडवली, दुकानदाराने फसवलं, कैद्याला वकील नाही, अशा अडचणी. संस्था त्यावर दोन पातळ्यांवर काम करते. एक, त्या माणसाचं काम मार्गी लावणं. दुसरं, अशाच शंभर लोकांची नोंद ठेवून सरकारकडे, कोर्टाकडे किंवा विधिमंडळाकडे नियम बदलण्याची मागणी करणं. या दुसऱ्या कामाला इंग्रजीत ॲडव्होकसी म्हणतात. आपण पैरवी म्हणू या.

हे दान-खैरातीचं काम नाही. खैरातीत आपण भुकेल्याला धान्य देतो, आणि ते नेकीचं काम आहेच. पैरवीत आपण विचारतो की याच्या कार्डावरचं धान्य गेलं कुठे? आपल्या मोहल्ल्यांत पहिल्या कामाला हात भरपूर मिळतात. दुसऱ्या कामाला लागतो कागद, आणि तिथे आपण कमी पडतो.

सात विद्यार्थी आणि एक सरकारी ऑफिस

विद्यार्थ्यांनी असं काम केल्याचं एक गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. राल्फ नेडर हे लेबनॉनहून तिथे गेलेल्या कुटुंबात जन्मलेले वकील. मोटारगाड्यांच्या सुरक्षेवर त्यांनी १९६५ साली पुस्तक लिहिलं आणि ते देशभर माहीत झाले. १९६८ च्या उन्हाळ्यात त्यांनी सात तरुण विद्यार्थी सोबत घेतले. काम दिलं ते असं : ग्राहकांना फसवणुकीपासून वाचवण्यासाठी असलेलं फेडरल ट्रेड कमिशन हे सरकारी खातं खरंच काम करतं का, ते तपासा.

मुलांनी मोर्चा काढला नाही. ते ऑफिसात गेले, अधिकाऱ्यांना प्रश्न विचारले, कागद मागितले, तक्रारींचं पुढे काय होतं ते पाहिलं. १९६९ च्या सुरुवातीला त्यांचा अहवाल आला. खातं सुस्त आहे, मोठ्या कंपन्यांना हात लावत नाही, वशिल्याने माणसं भरतं, असं त्यात पुराव्यानिशी मांडलं होतं. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी वकिलांच्या राष्ट्रीय संघटनेला स्वतंत्र तपासणी करायला सांगितली. त्या तपासणीतही दोष निघाले आणि खात्यात सुधारणा सुरू झाल्या. वर्तमानपत्रांनी या मुलांना "नेडर्स रेडर्स" असं नाव दिलं. पुढच्या उन्हाळ्यांत हजारो विद्यार्थ्यांनी त्यांच्याकडे अर्ज केले. १९७१ पासून ओरेगॉन, मिनेसोटा अशा राज्यांत विद्यार्थ्यांच्या पैशावर आणि विद्यार्थ्यांच्या हाताने चालणारे जनहित गट उभे राहिले.

आपल्याकडचं चित्र

ही परदेशी फॅशन आहे असं कुणी म्हणेल. पण भारतात जनहित याचिकेची वाट ज्या खटल्यांनी मोकळी केली, त्यातल्या एका महत्त्वाच्या खटल्यावर एका गरीब मुस्लिम बाईचं नाव आहे. हुसैनआरा खातून विरुद्ध बिहार राज्य, १९७९.

बिहारच्या जेलमध्ये असंख्य कच्चे कैदी वर्षानुवर्षे पडून होते. दोषी ठरले असते तर जेवढी शिक्षा झाली असती, त्याहून जास्त काळ काहींनी खटल्याची वाट पाहण्यात घालवला होता. निवृत्त पोलीस अधिकारी के. एफ. रुस्तमजी यांनी यावर इंडियन एक्स्प्रेसमध्ये लेख लिहिले. ते वाचून वकील पुष्पा कपिला हिंगोरानी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. न्या. पी. एन. भगवती यांच्या खंडपीठाने जलद खटला हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे असं ठरवलं. गरिबाला सरकारी खर्चाने वकील मिळाला पाहिजे, हेही सांगितलं. हजारो कैद्यांच्या सुटकेचा रस्ता तिथून मोकळा झाला. सुरुवात झाली होती वर्तमानपत्रातल्या लेखापासून.

दुसरं उदाहरण आपल्या मुंबईचं. पत्रकार शीला बर्से यांनी मुंबईच्या पोलीस कोठड्यांत बायकांना कसं वागवलं जातं, यावर सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. न्यायालयाने तपासणीसाठी निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांना मुंबईच्या जेलमध्ये पाठवलं. त्यांनी महिला कैद्यांशी बोलून अहवाल दिला. १९८३ मध्ये न्यायालयाने निर्देश दिले : महिलांची कोठडी वेगळी, पहारा महिला शिपायांचा, चौकशी महिला पोलिसांच्या उपस्थितीत. सर्वोच्च न्यायालयाने विश्वास टाकला तो एका कॉलेजवर, हे आमच्यासारख्या शिक्षकांना विशेष वाटतं. बीएसडब्ल्यू, एमएसडब्ल्यू करणाऱ्या आपल्या मुलींनी हे जरूर लक्षात ठेवावं.

आजची स्थिती काय? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ च्या अखेरीस देशातल्या जेलमध्ये ५ लाख ७३ हजार कैदी होते. त्यातले ४ लाख ३४ हजार, म्हणजे चारातले तीन, कच्चे कैदी. या कच्च्या कैद्यांत साधारण पाचवा हिस्सा मुस्लिम आहे. २०११ च्या जनगणनेत आपली लोकसंख्या देशात १४.२ टक्के होती. हे आकडे आम्ही कुणाला भडकवण्यासाठी देत नाही. काम किती पडून आहे, एवढंच सांगायचंय.

इंटर्न दिवसभर करतो काय?

पालकांना वाटतं घोषणा, मोर्चे, पोलीस. प्रत्यक्षात नव्वद टक्के काम टेबलावरचं असतं.

पहिलं काम कागद वाचण्याचं. जामिनाची ऑर्डर, दोषारोपपत्र, रेशन कार्ड, शाळेचं नकारपत्र. तारीख कोणती, कलम कोणतं, सही कुणाची, मुदत किती. उदाहरण म्हणून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ घ्या. हा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू आहे. आधी कधीही दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर त्याला जामिनावर सोडायचं आहे. इतरांसाठी हा काळ निम्मा आहे. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही, आणि एकापेक्षा जास्त खटले चालू असतील तरीही नाही. जुन्या केसेसनाही हे कलम लागू होतं, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलं. आता कैद्यांची यादी समोर घेऊन कोण किती दिवस आत आहे, त्याची कमाल शिक्षा किती, हे मांडायला आठवीचं गणित पुरतं. मात्र ते करायला कुणीतरी बसलं पाहिजे.

दुसरं काम अर्ज लिहिण्याचं. माहितीचा अधिकार कायदा २००५ चा, आणि महाराष्ट्रात तर राज्याचा असा कायदा २००२ मध्येच आला होता. अर्जाची फी १० रुपये. दारिद्र्यरेषेखालील माणसाला तीही नाही. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि तो १५० शब्दांत लिहायचा असतो. माहिती कशाला हवी, याचं कारण द्यावं लागत नाही. उत्तर ३० दिवसांत मिळायला हवं. कुणाच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत. नियम एका पानावर मावतात, पण चांगला अर्ज लिहिणं हा हुनर आहे. "आमच्या शाळेवर अन्याय का होतो?" असं विचारलं तर काहीच मिळत नाही. "सन २०२४-२५ मध्ये अमुक शाळेसाठी मंजूर शिक्षकांची पदे व भरलेली पदे यांची माहिती द्यावी" असं विचारलं, तर आकडा हातात येतो. एवढा फरक शिकायला पोरांना दोन आठवडे लागतात आणि तो जन्मभर उपयोगी पडतो.

तिसरं काम ऐकण्याचं. समोरची बाई रडत बोलते, मागचं पुढे सांगते. त्यातून तारखा, नावं, रकमा वेगळ्या काढून एका कागदावर नीट लिहायच्या. इथे आपल्या मुलांची एक जमेची बाजू आहे. उर्दू, दखनी, मराठी, हिंदी या भाषा त्यांना येतात. ज्या आईला मराठी अर्ज वाचता येत नाही तिच्याशी तिच्या बोलीत बोलायचं आणि ऑफिसात शुद्ध मराठीत अर्ज द्यायचा, हे आपली मुलं सहज करतात. संस्थांना अशी माणसं हवी असतात.

चौथं काम नियमावर लक्ष ठेवण्याचं. शिक्षण हक्क कायद्यात खाजगी शाळांत २५ टक्के जागा दुर्बल घटकांसाठी आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने अधिसूचना काढली. खाजगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर त्या खाजगी शाळेला यातून सूट, अशी. पालक आणि संघटना उच्च न्यायालयात गेल्या. मे महिन्यात स्थगिती मिळाली आणि १९ जुलै २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली. अशा लढाईत वकील कोर्टात उभा राहतो, पण अंतरं, याद्या, प्रवेशाचे आकडे गोळा करायला बरेच हात लागतात.

एक गोष्ट स्पष्ट असावी. इंटर्न वकील नसतो. तो कोर्टात युक्तिवाद करू शकत नाही आणि कुणाला "तुझं काम करून देतो" असं वचनही देऊ शकत नाही. तो शिकाऊ आहे, वरिष्ठांच्या हाताखाली काम करतो.

कॉलेजच्या नियमात हे बसतं का?

बसतं. लॉच्या मुलांसाठी बार कौन्सिल ऑफ इंडियाचे २००८ चे नियम आहेत. तीन वर्षांच्या कोर्सला एकूण किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या कोर्सला किमान २० आठवडे इंटर्नशिप करावी लागते. एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त नाही. ती कुठे करायची, या यादीत वकील, न्यायालय, कंपनी यांच्याबरोबर स्वयंसेवी संस्थेचंही नाव आहे. एकदा तरी वकिलाकडे काम केलेलं असावं लागतं, एवढं सांभाळा.

बीए, बीकॉम, बीएससीच्या मुलांना नवीन शैक्षणिक धोरणामुळे ऑन जॉब ट्रेनिंग, फील्ड प्रोजेक्ट आणि समाजसंपर्काचे उपक्रम आले आहेत. इंटर्नशिपचा एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचं काम. चार क्रेडिट असतील तर १२० तास. रोज सहा तास धरले तर वीस दिवसांत होतं. संस्थेचं नाव आधी कॉलेजात सांगून लेखी मान्यता घ्या, म्हणजे नंतर "हे चालणार नाही" असं ऐकावं लागणार नाही.

कुठे विचारायचं?

सगळ्यात जवळची जागा म्हणजे आपल्या जिल्हा न्यायालयातलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. ही संस्था सरकारी आहे, त्यामुळे घरच्यांची भीती अर्धी तिथेच कमी होते. १९८७ च्या कायद्याप्रमाणे महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, कोठडीतली माणसं यांना उत्पन्न न बघता इथे मोफत वकील मिळतो. लॉचे विद्यार्थी इथे काम मागू शकतात. इतरांसाठी विधी स्वयंसेवकाची योजना आहे. प्राधिकरणाचा मोफत नंबर १५१०० मोहल्ल्यातल्या प्रत्येक घरात लिहून ठेवावा.

दिल्लीत राष्ट्रीय मानवाधिकार आयोग उन्हाळी आणि हिवाळी इंटर्नशिप घेतो. त्याची छोट्या मुदतीची ऑनलाइन इंटर्नशिपही असते, म्हणजे मुलींना घरी राहून करता येते. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा "प्रयास" हा प्रकल्प १९९० पासून जेल आणि कोठडीतल्या माणसांसोबत काम करतो. ग्राहकांच्या प्रश्नांवर मुंबई ग्राहक पंचायत आणि १९६६ मध्ये नऊ महिलांनी सुरू केलेली कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया आहे. लोकप्रतिनिधींच्या कामाचं प्रगतीपुस्तक काढणारं प्रजा फाउंडेशन आहे. पदवी झालेल्या, पंचविशीच्या आतल्या मुलांसाठी पीआरएस संस्थेची "लॅम्प" फेलोशिप आहे. त्यात एका खासदारासोबत संशोधनाचं काम करायचं असतं आणि दरमहा मानधन मिळतं. जागा किती, अर्ज कधी, हे दरवर्षी बदलतं. संस्थेच्या वेबसाइटवर पाहून दोन-तीन महिने आधी ईमेल करा. ईमेलमध्ये आपण कोण, काय शिकतो, कोणत्या तारखांना मोकळे आहोत आणि काय शिकायचंय, एवढंच लिहा. दहा ओळी पुरतात.

आत पाऊल टाकण्याआधी हे तपासा

जनहिताच्या नावाखाली दुकानं मांडणारेही आहेत, म्हणून डोळे उघडे ठेवा.

१. संस्था नोंदणीकृत आहे का? ट्रस्ट, सोसायटी की कलम ८ खालची कंपनी, हे विचारा. नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर नाव शोधा.

२. इंटर्नशिपसाठी किंवा सर्टिफिकेटसाठी पैसे मागतात का? मागत असतील तर परत फिरा.

३. काम काय, वेळ किती, वरिष्ठ कोण, हे लेखी देतात का?

४. कोऱ्या कागदावर सही मागतात का? देऊ नका.

५. काम एखाद्या पक्षाच्या प्रचाराचं आहे का? ते करायचं तर उघड करा, पण ती जनहिताची इंटर्नशिप नव्हे.

६. लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती आहे का? दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी ती बंधनकारक आहे. २०१३ च्या या कायद्यात प्रशिक्षणार्थी आणि बिनपगारी काम करणारेही येतात. छोट्या संस्थेबद्दल तक्रार असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे.

आई-वडिलांसाठी

अम्मी-अब्बांचे प्रश्न आम्ही रोज ऐकतो. ते खोटे नसतात.

"पोलिसांच्या नजरेत येईल का?" विधी सेवा प्राधिकरणात किंवा ग्राहक संस्थेत काम करणारा मुलगा कायद्याने दिलेलं कामच करतोय. तरी मन मानत नसेल, तर पहिली इंटर्नशिप सरकारी ठिकाणी करू द्या. पुढचं तोच ठरवेल.

"मुलगी एकटी कशी जाईल?" एकदा स्वतः सोबत जा. ऑफिस पाहा, वरिष्ठांना भेटा. शक्य असेल तर दोन मैत्रिणींनी मिळून जावं. जेलला भेट द्यायची असली तर ती परवानगीनेच आणि संस्थेच्या माणसांसोबत असते. कुणीही उठून जेलमध्ये जाऊ शकत नाही.

"पैसे मिळतात का?" बऱ्याच ठिकाणी मिळत नाहीत, आणि हे नाजूक दुखणं आहे. ज्या घरात मुलाच्या सुट्टीतल्या मजुरीवर पुढची फी भरली जाते, त्या घराला "फुकट काम करू दे" असं सांगणं आम्हाला जड जातं. प्रवासखर्च मिळेल का, हे संस्थेला विचारायला लाजू नका. आणि समाजालाही एक विनंती. आपण दरवर्षी वह्या-पुस्तकं वाटतो, गुणवंतांचे सत्कार करतो. त्यातला एखादा सत्कार कमी करून दोन मुलांचा महिन्याचा बसपास आणि डबा कुणी उचलला, तर मोहल्ल्याला दोन कागद वाचणारी माणसं मिळतील.

मुलांसाठी दोन शब्द

बेटा, संस्थेत जे ऐकशील ती अमानत आहे. कुणाच्या केसचा फोटो स्टेटसला लावायचा नाही, कुणाचं नाव गल्लीत सांगायचं नाही. फक्त आपल्याच लोकांचं काम आलं तर करीन, असंही चालणार नाही. कच्चा कैदी कोणत्याही जातीचा असो, त्याची आई तितकीच रडते. रोज संध्याकाळी वहीत पाच ओळी लिही. आज कोणता कागद पाहिला, कोणता नियम कळला. सर्टिफिकेट फाइलमध्ये पडून राहील. उद्या कुणी तुझ्या दारात कागद घेऊन येईल, तेव्हा ही वहीच काढावी लागेल.

आता आमच्या त्या विद्यार्थिनीबद्दल. लॉचं शेवटचं वर्ष चालू असतानाच तिने अब्बांना स्वतः समजावलं आणि चार आठवडे विधी सेवा प्राधिकरणात काम केलं. पहिल्या दिवशी अब्बाच तिला रिक्षातून सोडायला गेले होते. आता जुम्याला असरनंतर ती आमच्या शाळेच्या एका खोलीत बसते आणि लोकांचे कागद वाचून देते. खोलीची चावी आमच्याकडे असते, ती तेवढी वेळेवर उघडून देतो. या मे महिन्यात "सर, इंटर्नशिप कुठे करू?" असं विचारत जी मुलं आली, त्यांना आम्ही आधी त्या खोलीत तिच्याशेजारी तासभर बसायला पाठवलं.